रोजचा राजीनामा

दिवसातून दोन-तीनदा नोकरी सोडणं हे भाच्याचं कामच होतं आणि त्याचा त्याला पगार मिळत होता. हे ऐकून कुणाचंही डोकं चक्रावेल, म्हणून आधी ते नीट सांगून टाकलेलं बरं.

मामांचं दुकान दारांचं होतं. नुसत्या दारांचं. लांबलचक दालन आणि एका बाजूला चौकटीत बसवलेली दारं ओळीने उभी. लाकडी, पत्र्याची, नक्षीची, बिननक्षीची. कुठल्याही दारातून आत गेलात तरी पलीकडे तोच एक अरुंद बोळ, त्यात केरसुण्या, रंगाचे रिकामे डबे आणि भिंत. गिऱ्हाईक यायचं, कलिंगड वाजवून बघावं तसं बोटाने दार वाजवायचं, "मजबूत आहे ना हो?" असं विचारायचं आणि "घरी बोलून सांगतो" म्हणून जे जायचं ते जायचंच. मामा अगदी मेटाकुटीला आले होते.

मग एकदा एका जुन्या विक्रेत्याचं टाळकं सरकलं. मामांनी त्याला सुट्टी नाकारली होती. "खड्ड्यात गेली तुमची नोकरी!" असं ओरडत तो तरातरा निघाला, पण रागाच्या भरात बाहेर जायचं सोडून नमुन्याच्या दारातून गेला आणि जाताना ते असं आपटलं की छताचा पंखा हलला. दुकानात एक बाई घासाघीस करत उभ्या होत्या. त्या पुढे गेल्या, दाराची कड चाचपून पाहिली आणि म्हणाल्या, "हेच द्या. आमच्या घरी असंच लागतं." विक्रेता बिचारा केरसुण्यांत उभा राहिला आणि मग मान खाली घालून सगळ्यांसमोरून पुन्हा बाहेर आला. तो परत कधी दिसला नाही. मामांना मात्र धंद्याची गुरुकिल्ली मिळाली.

तेव्हापासून हा प्रयोग सुरू झाला. गिऱ्हाईक दारापाशी घुटमळायला लागलं की मामा कॅबिनमधून गरजायचे, "ही काय पद्धत झाली काम करायची?" त्यावर भाच्याने हातातली टेप फेकायची आणि म्हणायचं, "बस्स! आता डोक्यावरून पाणी गेलं! मी चाललो!" मामांनी विचारायचं, "कुणाच्या जिवावर?" भाच्याने म्हणायचं, "स्वतःच्या!" आणि धाडकन दार. मग दुकानाचा हिशेब सांभाळणाऱ्या काउंटरवरच्या बाई उठायच्या, चौकटीवरून बोट फिरवायच्या आणि शांतपणे सांगायच्या, "बघा, रंगाचा टवकासुद्धा उडाला नाही." तेवढ्यात भाचा हसत हसत दार उघडून बाहेर यायचा, गिऱ्हाईक आधी दचकलेलं आणि मग खुदखुदायला लागलेलं, आणि ऑर्डर पक्की. नव्या जोडप्यांसाठी जरा सौम्य राजीनामा, एकत्र कुटुंब असेल तर कडकडीत, आणि सोबत सासू असली तर मामा स्वतःही एक दार आपटून घ्यायचे.

भाचा या कामात इतका तरबेज झाला की डोळ्यांत पाणीसुद्धा आणायचा. लहानपणीच वडील गेले, तेव्हा मामांनी त्याला घरी आणला, शिकवला, दुकानात घातला. मामांना मूलबाळ नव्हतं आणि आता मामीही राहिल्या नव्हत्या. त्यामुळे नोकरी सोडायची तर ती मामांनाच सोडायची, असं ते सगळं एकात एक गुंतलेलं होतं.

आणि आता ती खरोखरच सोडायची वेळ आली होती.

भाच्याची बायको कवळ्या बनवायची. दातांच्या प्रयोगशाळेत मेणाचे साचे करून दुसऱ्यांच्या तोंडात हसू बसवायचं, हे तिचं काम. लांबच्या एका शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेने तिला अख्खा विभाग सांभाळायला बोलावलं होतं. तिने होकार कळवला, घर बघितलं, सामान बांधायला घेतलं. भाचाही उत्साहाने म्हणाला होता की मी येणारच, तिकडे काहीतरी बघेन, मामांना सांगतो. तो रोज सांगायला जायचा आणि रोज संध्याकाळी तोंड पाडून परत यायचा.

त्या दिवशी सकाळी खोक्यांच्या मधोमध उभी राहून ती म्हणाली, "दुपारी टेम्पो येतोय."

"माहितीये."

"आज सांगितलंस तर बरोबर येशील. नाही सांगितलंस तर मी जाते. पण मग 'मागाहून येतो' हे मला ऐकायचं नाही. मागाहून कुणी येत नसतं."

"आज सांगतोच. तू बघच."

"हेच मला नको असतं," ती दोरी आवळत म्हणाली. "बघू कशाला? मी गिऱ्हाईक आहे का? तू माझ्यावर चिडतोस, दार आपटतोस आणि लगेच हसत बाहेर येतोस. मला कळतच नाही रे, आधीचं खरं की नंतरचं. मामांना फसवून पळून यायचं नाही. गुपचूप गायब व्हायचं नाही. त्यांना कळलं पाहिजे की तू जातोयस. त्यांनी हो म्हटलं पाहिजे असं नाही. कळलं पाहिजे, बस."

भाच्याला हे पटलं. वाटेत त्याने वाक्य ठरवलं. साधं, सरळ, कुठलाही मसाला न लावलेलं.

दुकानात शिरला तर मामा कॅबिनच्या दारात उभे होते आणि एक सद्गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून बिजागऱ्या तपासत होते. भाच्याने ठरवलं, थांबायचं नाही. तो मामांसमोर गेला आणि म्हणाला, "मामा, मला बोलायचंय. मी नोकरी सोडतोय."

मामांनी त्याच्याकडे पाहिलं. क्षणभर त्यांचा चेहरा कोरा झाला. मग त्यांनी छाती फुगवली आणि दुकान दणाणून सोडलं, "सोडतोस? कुणाच्या जिवावर?"

"स्वतःच्या!" भाचा ओरडला.

ओरडल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे आपल्याला म्हणायचंच नव्हतं. पण हात कुठे ऐकतोय? हाताने कडी धरली होती, पाय उंबऱ्याच्या पलीकडे गेले होते, आणि धाडकन आवाज झाला तेव्हा तो केरसुण्यांच्या बोळात उभा होता. बाहेरून बाईंचा आवाज आला, "बघा, रंगाचा टवकासुद्धा उडाला नाही." सद्गृहस्थ म्हणाले, "कमाल आहे! दोन द्या."

भाचा अंधारात भिंतीकडे बघत राहिला. नाव, पत्ता, माप लिहून घ्यायला तर जावंच लागणार होतं. तो बाहेर आला. सवयीने हसतच आला.

गिऱ्हाईक गेल्यावर त्याने कॅबिन गाठली. या वेळी त्याने दार हलकेच लोटून घेतलं, खुर्चीत बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मामा, मघाशी जे बोललो ते खरंच होतं."

मामांनी टेबलावरचे कागद उगाच इकडचे तिकडे केले. "हळू आवाजातला," ते म्हणाले. "हा प्रकार बरा आहे. वयस्कर गिऱ्हाइकांना दचकवायला नको."

"अहो मामा, प्रकार नाही. खरंच."

"वा! 'खरंच' पण घालत जा. इतकी वर्षं कसं सुचलं नाही?"

तेवढ्यात काउंटरवरच्या बाईंनी काचेवर टकटक केलं आणि डोकं आत घातलं. "नवीन प्रवेश बसवताय का? छान वाटतंय, पण मागपर्यंत ऐकू येत नाही हो भाचेबुवा. आणि खुर्चीत बसून राजीनामा कसला? उभं राहून द्या."

भाचा उभा राहिला. मग त्याला वाटलं, बाईंनी सांगितलं म्हणून उभं राहिलो तर ते नाटक होईल. म्हणून तो बसला. मामा आणि बाई दोघंही त्याच्याकडे बघत होते. त्याने पुन्हा तोंड उघडलं आणि त्याला कळेना की आता काय म्हणायचं. 'मी कंटाळलो' हे वाक्य तो नव्या जोडप्यांसाठी वापरायचा. 'माझा जीव गुदमरतोय' हे एकत्र कुटुंबाला. 'माझ्याही काही इच्छा आहेत' हे मामांनीच लिहून दिलेलं होतं. एक शब्द म्हणून शिल्लक नव्हता. सगळी भाषाच मेली दुकानाच्या मालकीची झाली होती.

घड्याळ पुढे सरकत होतं. आणि मग त्याने तो विचार केला जो गोंधळलेला माणूस हमखास करतो: हळू आवाजात जमत नाही, तर इतक्या मोठ्याने करू की शंकाच राहायला नको.

दुपारच्या आधी दुकानात बरीच गर्दी झाली. एक कुटुंबच्या कुटुंब आलं होतं, आजोबांपासून कडेवरच्या बाळापर्यंत. मामांनी अजून पहिली हाकही मारली नव्हती, आणि भाचा माप घ्यायच्या टेबलावर चढला. टेबलावर चढणं प्रयोगात नव्हतं. त्याने अंगातला दुकानाचा कोट काढला आणि पंख्याच्या दिशेने भिरकावला. तेही नव्हतं. किल्ल्यांचा जुडगा काढून मामांच्या पायाशी टाकला. "ऐका सगळे!" तो ओरडला. "हे नाटक नाही! मी इथे रोज खोटी नोकरी सोडतो, आज खरी सोडतोय! माझी बायको घरी सामान बांधून बसलीये! मी जातोय आणि परत येणार नाही!"

आणि तो खाली उडी मारून चालू लागला. नमुन्याच्या दारातून नाही, दुकानाच्या बाहेरच्या दारातून. आता गंमत अशी की इतकी दारं विकणाऱ्या या दुकानाचं स्वतःचं दार काचेचं होतं, आणि ते आपटायची सोयच नव्हती. कितीही जोरात ढकला, ते आपल्या सावकाश गतीने, सुस्कारा सोडत, हळूहळू मिटायचं. भाच्याने ते सगळा जीव लावून ढकललं. दार निवांतपणे बंद व्हायला लागलं आणि त्या फटीतून टाळ्यांचा कडकडाट बाहेर आला.

सगळं कुटुंब फुटपाथवर आलं. आजोबा म्हणाले, "असा विक्रेता बघितला नाही." एका काकूंनी डोळ्यांना पदर लावला होता. मामा उंबऱ्यात आले आणि त्यांनी हात वर करून आपलं शेवटचं वाक्य म्हटलं, "जा! जा! बघतो किती दिवस राहतोस!" पुन्हा टाळ्या.

भाचा कोपऱ्यापर्यंत गेला आणि तिथल्या एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकला. डोकं पार सुन्न झालं होतं. आता सुटली का नोकरी? आपण तर सोडली. पण समोरच्याला कळलीच नाही, तर ती सुटली म्हणायची की अजून आपल्याकडेच आहे? उद्या सकाळी मामा घड्याळाकडे बघत बसले, तर आपण उशीर केला असं होईल की गेलो असं होईल? आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, टेबलावर उभा असताना आपल्याला खरा राग आला होता की नाही, हेही त्याला धड आठवेना. उडी तर छान बसली होती.

त्याने बायकोला फोन लावला. "सोडली," तो म्हणाला.

"खरंच? काय म्हणाले मामा?"

भाच्याने मान वळवून दुकानाकडे पाहिलं.

"अरे, काय म्हणाले?"

"टाळ्या वाजल्या."

पलीकडून टेम्पोवाल्याचा आवाज येत होता, कपाट आडवं घ्या, कपाट आडवं घ्या. "म्हणजे नाही सोडलीस," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "भांड्यांची खोकी राहिलीयेत. ती चढवली की मी निघते."

भाच्याला तसंच घरी पळत जावंसं वाटलं. गाडीत चढून बसलं की झालं, मामांना काय कळायचं ते कळेल. पण उठला आणि पाय मात्र दुकानाकडेच वळले. त्याला रडू येत होतं आणि रस्त्यात रडायची लाजही वाटत होती, कारण कुणीतरी थांबून बघितलं असतं.

दुकान जेवणाच्या सुट्टीसाठी रिकामं झालं होतं. बाई डबा घेऊन मागे गेल्या होत्या. मामा एकटेच ओळीच्या शेवटच्या दारापाशी वाकून बिजागरीत तेल सोडत होते. भाचा त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. बोलायचं काय, हे त्याला अजूनही माहीत नव्हतं. जे पहिलं आठवलं ते त्याने बोलून टाकलं.

"या दाराला वरून तेल घालू नका, ते उतरत नाही. खिळा थोडा वर काढा आणि मग घाला."

मामांनी खिळा वर काढला.

"कोपऱ्यावरच्या दवाखान्याचं दार अजून द्यायचंय. त्यांना सकाळी फोन केलेला चालत नाही, दुपारी करा. नक्षीच्या दारांचा पुरवठादार तुमच्याशी गोड बोलेल, पण माप प्रत्येक वेळी स्वतः घ्या, तो चोरटा आहे. तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या माझ्या खणात असतात, तुम्ही विसरता म्हणून मी ठेवतो. त्या आता तुमच्या खणात ठेवतो. जेवणानंतर घ्यायच्या. बाई आठवण करून देतील, पण त्या एकदाच देतात. दुसऱ्यांदा विचारायला कुणीतरी लागतं तुम्हाला."

मामांच्या हातातली तेलाची बुधली थांबली होती. तेल जमिनीवर ठिबकत होतं.

"शटर ओढताना कमरेत वाकू नका," भाचा बोलतच होता, थांबलं तर रडू फुटेल म्हणून. "कुणाला तरी हाक मारा. लाजू नका हाक मारायला. आणि—"

"बास," मामा म्हणाले.

ते खाली मांडी घालून बसले, दाराला टेकून.

"मला सकाळीच कळलं होतं," ते शेवटी म्हणाले.

भाचा चाटच पडला. "कधी सकाळी?"

"तू आलास तेव्हाच. तुझं तोंड बघून कळलं. मी तुला लहानाचा मोठा केलाय, मला तुझं खोटं तोंड आणि खरं तोंड कळत नाही होय?"

"मग ओरडलात का? कॅबिनमध्ये, फुटपाथवर... मामा, मी वेडा व्हायचा बाकी होतो!"

"मी ठरवलं होतं नीट बोलायचं. तोंड उघडलं आणि तेच बाहेर आलं. दुसरं काही येतच नाही रे मला. तुझ्या मामीशी सुद्धा मी असाच बोलायचो, शेवटी शेवटी तर ती उत्तरच द्यायची नाही." त्यांनी नाक पुसलं. हाताचं तेल नाकाला लागलं. "आणि खरं सांगू? मला वाटलं, तेच तेच म्हणत राहिलं की तूही नेहमीसारखा परत येशील. तीनदा जमलं. मला वाटलं, दिवस ढकलला आपण. टेम्पो निघून जाईल."

"टेम्पोचं तुम्हाला कसं माहीत?"

"सूनबाईनेच सांगितलं. मागच्या आठवड्यात येऊन गेली. म्हणाली, 'मी फक्त माझं सांगायला आले आहे. त्याचं तो सांगेल.'"

भाच्याने कपाळावर हात मारला. म्हणजे मामांना माहीत होतं, बायकोला माहीत होतं की मामांना माहीत आहे, आणि एवढ्या सगळ्यात टेबलावर चढून उड्या मारणारा तेवढा आपण एकटाच. त्याला राग यायला हवा होता. पण समोर मामा नाकाला तेल लावून जमिनीवर बसले होते आणि त्याला फक्त भरून आलं.

"मामा, मी जाऊ?"

"हे मला विचारू नकोस," मामा एकदम चिडून म्हणाले. त्यांचा आवाज मोठा नव्हता, फाटका होता. "मी जा म्हणणार नाही. मला नाही आवडलेलं. तू जावंस असं मला अजिबात वाटत नाही."

इतक्या वर्षांत मामा असं काही बोललेले भाच्याने ऐकलं नव्हतं. त्याने हात पुढे केला, मामांनी तो धरला आणि उठले. आणि मग दोघंही काही न ठरवता चालायला लागले, दुकान तसंच उघडं टाकून. काचेचं दार त्यांच्या मागे कधी मिटलं ते कुणी पाहिलं नाही.

घराजवळ पोचले तेव्हा टेम्पोचं मागचं फळकूट लावलेलं होतं, इंजिन सुरू होतं, आणि बायको पुढच्या सीटवर खिडकीशी बसली होती. तिच्या शेजारच्या जागेवर तिची भलीमोठी पिशवी होती. तिने धापा टाकत येणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं आणि चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

"मी सांगितलं," भाचा म्हणाला. "खरंच सांगितलं. म्हणजे, नीट नाही सांगितलं, पण..." आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं की हे किती खोटं वाटतंय.

मामा पुढे झाले. टेम्पोच्या दाराला धरून, श्वास घेत उभे राहिले. टेम्पोवाला, शेजारच्या बाल्कनीतले दोघंतिघं, सगळे बघत होते. मामांनी एकदा छाती फुगवली. भाच्याने डोळे मिटून घेतले.

"हा चाललाय," मामा साध्या आवाजात म्हणाले. "त्याने मला सांगितलं. मला कळलं. उद्यापासून दुकानात मी एकटा." आणि पुढे काही म्हणायचं होतं ते त्यांना जमलं नाही. मान खाली घालून ते तसेच उभे राहिले, आणि खांदे हलू लागले, आणि बाल्कनीतलं कुणीही हसलं नाही.

बायको बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. मग तिने शेजारची पिशवी उचलली आणि आपल्या मांडीवर घेतली.